गंजाखालचे शाबूत बीड

‘बीड’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक बीड म्हणजे बालाघाटाच्या डोंगररांगेतला जिल्हा. दुसरे बीड म्हणजे ओतीव लोखंड. ज्याचे तवे, कढया, आप्पेपात्रे आणि खलबत्ते पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांत वापरात राहिले. या दोन नावांचा परस्परांशी संबंध जोडण्याचे कारण नाही. मात्र या जिल्ह्यातील गावांत हिंडताना दुसऱ्या बिडाची आठवण वारंवार होते, कारण ज्वारीची भाकरी हे येथील रोजचे अन्न आणि भाकरीला लोखंडी तव्याचीच सवय.

केज तालुक्यातील युसूफ वडगाव हे असेच एक गाव. मांजरा नदीवरील धनेगावचे धरण याच तालुक्यात आहे. काळी जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि ज्वारी, तूर, करडई, सोयाबीन यांचा शेतमाल हा या भागाच्या व्यवहाराचा पाया. मराठवाड्यातील अशा गावांत व्यापारासाठी स्थिरावलेल्या कुटुंबांची घरे सामान्यतः एका ठरावीक धाटणीची असतात. पुढे दुकान, मागे राहते घर आणि कोठेतरी एक अडगळीची खोली. स्टेनलेस स्टील, हिंडालियम आणि नॉनस्टिक आल्यानंतर लोखंडी भांडी चुलीवरून उतरली ती बहुधा याच खोलीत गेली. पावसाळ्यातील दमट हवेने त्यांवर प्रथम तांबूस छटा आली, मग पापुद्रे सुटू लागले. अखेरीस दारी भंगारवाला येतो तेव्हा आजेसासूबाईंची कढई तराजूत पडते आणि किलोच्या भावाने तिचा हिशेब मिटतो.

हा हिशेब बरोबर असतो का, हे तपासून पाहण्यासारखे आहे. गंजलेले भांडे भंगारात देताना घरातील माणसे भांड्याचा वरचा थर पाहतात. आतले धातू पाहत नाहीत. आणि आतले धातू बहुतेक वेळा शाबूत असते. ते बाहेर काढण्याची एक रीत आहे. ती घरी करता येते, तिला साधारण एक युनिट वीज लागते. परंतु ती नियम पाळूनच करावी लागते.

घसारा किती, शिल्लक किती

बीड म्हणजे लोखंड आणि कर्ब यांचा मिश्रधातू. त्यात कर्बाचे प्रमाण साधारण २ ते ४ टक्के असते, शिवाय थोडे सिलिकॉन. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते. कर्बामुळे बीड त्यापेक्षा कितीतरी आधी, सुमारे ११५० ते १२०० अंशांना वितळते. म्हणूनच ते वाळूच्या साच्यात सहज ओतता येते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि तेथील लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या घरी पोहोचले, तेव्हापासून ओतकाम हा महाराष्ट्राच्या ओळखीचा उद्योग आहे. आज कोल्हापूर परिसर ओतशाळांसाठी प्रसिद्ध आहे.

लोखंडाला पाणी आणि प्राणवायू एकत्र भेटले की गंज चढतो. गंज म्हणजे लोखंडाचे पाणी धरून ठेवणारे ऑक्साइड. तो सच्छिद्र असतो. ओलावा त्यातून आत झिरपत राहतो आणि क्रिया थांबत नाही. परंतु गंजाचा एक गुणधर्म हिशेबाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जितके लोखंड गंजते त्याच्या कित्येक पट जागा त्याचा गंज व्यापतो. म्हणजे डोळ्यांना दिसणारा जाड तांबूस थर हा प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीपेक्षा फुगवलेला आकडा असतो. जाड बुडाच्या कढईवर पापुद्रे सुटलेले दिसले, तरी खऱ्या घसाऱ्याची रक्कम अल्प असू शकते.

शिल्लक किती आहे हे ठरवण्याची पहिली कसोटी जुन्या व्यापाऱ्यांना शिकवावी लागणार नाही. चांदीचा रुपया जसा वाजवून घेत, तसे भांडे दोरीने टांगून लाकडी मुठीने हलकेच वाजवावे. खणखणीत नाद आला तर धातू अखंड आहे. बद्द आवाज आला तर कोठेतरी तडा आहे आणि अशा भांड्यावर श्रम करू नयेत, कारण बीड ठिसूळ असते व तडा तापल्यावर वाढत जातो. दुसरी कसोटी लोहचुंबकाची. चुंबक चिकटले नाही तर ते भांडे हिंडालियम, पितळ किंवा अन्य धातूचे आहे. पुढील रीत त्याला सर्वथा वर्ज्य. चुंबक चिकटले तरी मुलामा दिलेली, जस्त चढवलेली आणि नॉनस्टिक लेप असलेली भांडी या रीतीत घालू नयेत.

तिसरी कसोटी भांड्याच्या पूर्वायुष्याची. घरातलेच भांडे असेल तर प्रश्न नाही. जुन्या बाजारातून आणलेल्या कढईत कोणी शिसे वितळवले असेल, कीटकनाशक कालवले असेल किंवा डांबर तापवले असेल, तर ती कितीही स्वच्छ झाली तरी अन्नासाठी वापरू नये. ज्या भांड्याचा इतिहास सांगता येत नाही ते स्वयंपाकघरात न आणणेच शहाणपणाचे. त्यात पूर्वी कोणते अन्न शिजले असेल हा विचारही जैन घरात स्वाभाविकपणे येतो. या रीतीने तेलाचा जुना थर मुळापासून निघतो हे खरे. तथापि असे भांडे स्वीकारावे की नाही, हा ज्या त्या घराच्या आचाराचा विषय आहे.

घाईचे उपाय

गंज काढण्याचे सोपे वाटणारे तीन उपाय सर्रास केले जातात. पहिला, भांडे थेट भट्टीत किंवा गोवऱ्यांच्या जाळात टाकणे. यात जुना तेलकट थर जळतो. परंतु असमान तापल्यामुळे बीड तडकते किंवा तवा वाकतो. दुसरा, ग्राइंडरने घासणे. यात गंजाबरोबर चांगले धातूही जाते आणि पृष्ठभाग खरवडलेला, ओबडधोबड राहतो. तिसरा, आम्ल. शौचालय स्वच्छ करण्याच्या आम्लात भांडे बुडवले की गंज विरघळतो, पण त्याच ओघात लोखंडही विरघळते. शिवाय त्या आम्लाची वाफ फुफ्फुसांना अपायकारक. व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल वापरले, तरी वेळेकडे दुर्लक्ष झाल्यास तोच परिणाम संथपणे होतो.

या तिन्ही उपायांत एक समान दोष आहे. गंज आणि लोखंड यांत ते पुरेसा फरक करत नाहीत. विद्युत अपघटनाची रीत तो फरक करते.

ऋणावर भांडे, धनावर भंगार

शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकात विद्युत अपघटन हा धडा असतो. मायकेल फॅरडे यांनी १८३३–३४ च्या सुमारास त्याचे नियम मांडले. द्रावणातून एकदिश वीजप्रवाह सोडला असता एका अग्रावर क्षपण होते व दुसऱ्या अग्रावर ऑक्सिडीकरण, आणि किती पदार्थाची क्रिया होईल हे सोडलेल्या विजेच्या प्रमाणावर ठरते. गंजणे म्हणजे लोखंडाचे ऑक्सिडीकरण. तेव्हा गंजलेले भांडे ऋणाग्रावर जोडले की त्या क्रियेला उलटी दिशा मिळते. तांबडा गंज काही अंशी काळ्या, भुसभुशीत ऑक्साइडमध्ये बदलतो. त्याच वेळी भांड्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे असंख्य बुडबुडे निर्माण होतात आणि गंजाचे पापुद्रे खालून उचलून सैल करतात. द्रावण अल्कधर्मी असल्याने जळून बसलेला तेलाचा थरही सुटू लागतो. गंजून गेलेले लोखंड परत येत नाही, खड्डे भरून निघत नाहीत. परंतु उरलेल्या चांगल्या धातूला धक्का लागत नाही, हे या रीतीचे मर्म.

ही रीत मुळात संग्रहालयांची. बर्लिनच्या शाही संग्रहालयांनी १८८८ मध्ये फ्रीडरिश राथगेन या रसायनशास्त्रज्ञाकडे प्रयोगशाळा सोपवली. प्राचीन धातूवस्तू वाचवण्यासाठी विजेचा उपयोग करणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत त्यांची गणना होते. अमेरिकेच्या यादवी युद्धात बुडालेल्या ‘मॉनिटर’ या युद्धनौकेचा तोफबुरूज २००२ मध्ये समुद्रतळातून वर काढण्यात आला, आणि व्हर्जिनियातील संग्रहालयात त्यावर प्रचंड टाकीत याच तत्त्वाने उपचार होत आहेत. जे तत्त्व एवढ्या अवजड कामाला वापरले जाते, तेच एका कढईला घरातील बादलीत लागू पडते.

साहित्य थोडे आहे. भांडे पूर्ण बुडेल एवढी प्लास्टिकची बादली किंवा टब. धातूची बादली चालणार नाही. धुण्याचा सोडा, दर ४ ते ५ लिटर पाण्यास एक मोठा चमचा पुरे. साध्या लोखंडाच्या सळईचे किंवा पत्र्याचे दोन-चार तुकडे, जे स्वतः झिजून जाण्यासाठीच असतात. आणि गाडीची बॅटरी भारित करण्याचा १२ व्होल्टचा जुन्या पद्धतीचा चार्जर, साधारण २ ते ६ अँपिअरचा. नव्या स्वयंचलित चार्जरला समोर बॅटरी दिसली नाही तर तो प्रवाहच सोडत नाही, त्यामुळे तो येथे उपयोगी पडत नाही. घरातील थेट विजेला या कामात कोणत्याही प्रकारे हात लावू नये.

जोडणी करताना दिशा चुकली तर अर्थ उलटा होतो. चार्जरचे ऋण टोक भांड्याला आणि धन टोक भंगार सळईला जोडायचे. व्यापारी घरात हे लक्षात ठेवणे कठीण नाही. वहीत ऋण नकोसे असते. येथे मात्र जे वाचवायचे ते ऋणावर आणि जे खर्ची घालायचे ते धनावर. उलट जोडले तर भांडेच झिजू लागते आणि सळई चकाकते. भांड्याच्या कानावर किंवा कडेवर थोडी जागा घासून उघडे धातू काढावे व तेथे तार घट्ट बांधावी, कारण गंजावरून वीज वाहत नाही. भांडे दोरीने किंवा तारेने अधांतरी टांगावे आणि सळया त्याच्या सभोवती, कोठेही न टेकता उभ्या कराव्यात. दोन्ही एकमेकांना टेकल्यास चार्जर जळतो. सळई ज्या बाजूला असते ती बाजू लवकर स्वच्छ होते, म्हणून एकच सळई असल्यास मधून मधून, वीज बंद करून, भांडे फिरवावे लागते.

सर्व जोडणी पूर्ण झाल्यावरच चार्जर चालू करायचा. थोड्याच वेळात भांड्यावरून बारीक बुडबुडे उठतात आणि पाण्यावर तांबूस फेस जमतो. हलका गंज काही तासांत सुटतो. वर्षानुवर्षांचा थर असेल तर एक-दोन दिवस, टप्प्याटप्प्याने.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. १२ व्होल्ट आणि ५ अँपिअर म्हणजे ६० वॅट. दहा तासांना ०.६ युनिट. चार्जरमधील घट धरूनही एका कढईसाठी साधारण एक युनिट वीज.

जेथे चूक परवडत नाही

वीज अल्प असली तरी वायू अल्प नसतो. फॅरडेच्या नियमाने हिशेब केला तर एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिल्यास सुमारे ०.४५ लिटर हायड्रोजन तयार होतो. ५ अँपिअरने दहा तास काम चालले तर तो २२ लिटरांच्या पुढे जातो. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीने भडका उडू शकतो. बंद खोलीत, स्वयंपाकघरात, गोदामात किंवा जिन्याखाली हे काम करणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय. उघडे अंगण किंवा मोकळी गच्ची हीच याची जागा. जवळ चूल, शेगडी, उदबत्ती, विडी काहीही नसावे. तारा लावताना आणि काढताना चार्जर आधी बंद करावा, कारण ठिणगी बहुधा तेथेच उडते.

दुसरा नियम सळईचा. घरात स्टेनलेस स्टीलचे जुने चमचे, वाट्या पुष्कळ पडून असतात आणि त्या गंजत नाहीत म्हणून त्याच धनाग्राला लावण्याचा मोह होतो. तो मोह टाळावा. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असते. धनाग्रावर ते सुटून षट्‌संयुजी क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरू शकतात. हे पाणी पिवळसर दिसते आणि ते कोठेही टाकणे हा अपराधच ठरेल. जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही वापरू नये.

तिसरा नियम मिठाचा. धुण्याचा सोडा मिळाला नाही म्हणून मीठ घालणे घातक आहे. मिठाच्या पाण्यातून धनाग्रावर क्लोरीन वायू सुटू शकतो. चौथा नियम हातांचा. धुण्याच्या सोड्याचे द्रावण त्वचेला आणि डोळ्यांना झोंबते. रबरी हातमोजे वापरावेत. लहान मुले आणि जनावरे तेथे पोहोचणार नाहीत अशी व्यवस्था आधी करावी.

जैन घराची दिनचर्या या कामाला आपसूक शिस्त लावते. सकाळची कामे आटोपल्यावर उजेडात टाकी सुरू करावी आणि सूर्यास्तापूर्वी चार्जर बंद करून तारा सोडवाव्यात. रात्रभर चालू ठेवलेली टाकी ही देखरेखीविना चालणारी टाकी असते. शिवाय उघड्या पाण्यात कीटक पडतात, आणि दिव्याजवळ तर अधिकच. दिवसाही टाकीवर पातळ, विरळ कापड ताणून बांधावे. पक्के झाकण मात्र ठेवू नये. वायू कोंडता कामा नये आणि जीवही पडता कामा नये, या दोन्ही गोष्टी विरळ कापडाने साधतात.

पाणी, वीज आणि माती

मराठवाड्यातील बोअरवेलचे पाणी बहुधा जड असते. त्यात धुण्याचा सोडा घातला की कॅल्शियम पांढऱ्या गाळाच्या रूपाने खाली बसते आणि काही सोडा त्यातच खर्च होतो. पाणी तासभर निवळू द्यावे, वरचे नितळ पाणी घ्यावे आणि लागल्यास चमचाभर सोडा वाढवावा.

या भागात पाण्याचा प्रत्येक हंडा मोलाचा असतो. येथे ही रीत काटकसरी ठरते, कारण द्रावण संपत नाही. विजेने पाण्याचाच थोडा अंश खर्च होतो. सोडा जवळपास तसाच राहतो. गाळ कापडातून गाळून घेतला आणि घटलेल्या पाण्याएवढे नवे पाणी घातले की त्याच बादलीत घरातील सारी लोखंडी भांडी एकामागून एक करता येतात. दोन-चार घरांनी मिळून एकच टाकी चालवली तर पाण्याचीही बचत होते आणि एका जाणत्या माणसाची देखरेखही मिळते.

वीज मध्येच गेली तर घाबरण्याचे कारण नाही. सोड्याच्या अल्कधर्मी पाण्यात लोखंड सहसा गंजत नाही, त्यामुळे काम तेवढे लांबते, बिघडत नाही. मात्र वीज परत येईल त्या वेळी जवळ कोणी नसेल, तर चार्जर बंदच करून ठेवावा.

काम संपल्यावर उरलेला तांबूस गाळ हा साध्या लोखंडाचाच असतो. परंतु ते पाणी तुळशीवृंदावनात किंवा परसातील झाडांच्या मुळाशी ओतू नये. सोड्यातील सोडियम मातीचा पोत बिघडवतो, आणि येथील काळी जमीन मुळातच अल्कधर्मीकडे झुकलेली असते. गाळ सुकवून कचऱ्यात द्यावा व पाणी भरपूर विरळ करून सांडपाण्याच्या वाटेने सोडावे.

तेलाचे कवच

टाकीतून निघालेले भांडे काळपट, ओंगळ दिसते. ताठ ब्रशने ते वाहत्या पाण्याखाली घासले की काळी पूड निघून जाते आणि खाली करड्या रंगाचे उघडे बीड दिसते. या क्षणी ते अत्यंत दुबळे असते. ओले ठेवले तर काही मिनिटांतच त्यावर पुन्हा तांबूस झाक येते. म्हणून लगेच कोरड्या फडक्याने पुसून मंद आचेवर तापवावे.

गरम असतानाच त्यावर तेलाचा हात फिरवावा आणि मग कोरड्या फडक्याने ते तेल पुसून टाकावे, इतके की भांडे कोरडे वाटावे. त्यानंतर धूर येईपर्यंत तापवून निवू द्यावे. हे चार-पाच वेळा केले की काळा, गुळगुळीत थर धरतो. तेल येथे केवळ लागलेले नसते. उष्णतेने त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन कठीण पापुद्रा बनतो आणि तो पापुद्राच लोखंडाला पाण्यापासून वेगळे ठेवतो. तेल जास्त झाले तर हा पापुद्रा चिकट होतो. बहुतेकांचा पहिला प्रयत्न याच कारणाने फसतो.

पाश्चात्त्य देशांत या कामासाठी पूर्वी प्राण्यांची चरबी वापरली जात असे. रसायनशास्त्र मात्र वनस्पतितेलाच्या बाजूने आहे. ज्या तेलात असंतृप्त मेदाम्ले अधिक, ते लवकर व कठीण वाळते. चरबीत ती कमी असतात. जवस आणि करडई ही दोन्ही तेले या कसोटीला उतरतात, आणि दोन्ही मराठवाड्याच्या रब्बी हंगामाच्या ओळखीची आहेत. जवसाच्या तेलाचा थर कठीण बसतो पण कधी सुटतो. करडईचे तेल त्यामानाने सोयीचे. युसूफ वडगावच्या परिसरात जे पीक शेतात दिसते, तेच कढईच्या कामी यावे यात नवल नाही.

अशा भांड्यात पहिले काही दिवस तळण, थालीपीठ, धिरडे, घावन असे तेलाचे पदार्थ करावेत. चिंचेची आमटी, कढी, टोमॅटोची भाजी हे आंबट पदार्थ नव्या थराला उखडतात; ते नंतर, आणि तेही शिजताच दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावेत. भांडे पाण्यात भिजत ठेवू नये. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नये. धुतल्यावर पुसून, क्षणभर तापवून, तेलाचे बोट फिरवून ठेवावे.

ताटातले लोह

हा सारा खटाटोप केवळ जुन्या वस्तूच्या ममत्वासाठी आहे का, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील. त्याचे उत्तर आरोग्याच्या आकड्यांत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९–२१ मध्ये, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय होता. चौथ्या फेरीत, २०१५–१६ मध्ये, हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे तो कमी होण्याऐवजी वाढला. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात; आहारातील लोहाची उणीव हे त्यांतील एक मोठे कारण.

लोखंडी भांड्यातून अन्नात लोह उतरते, ही समजूत परीक्षेस उतरलेली आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वीस पदार्थ लोखंडी भांड्यात शिजवून पाहिले गेले आणि बहुतेकांत लोहाचे प्रमाण वाढलेले आढळले. ओलसर, आंबट आणि जास्त वेळ शिजणाऱ्या पदार्थांत अधिक. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात इथिओपियातील मुलांचा अभ्यास आला. लोखंडी भांड्यातील अन्न खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यातील अन्न खाणाऱ्या मुलांपेक्षा अधिक सुधारले होते.

शाकाहारातील लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते. लिंबू, आवळा यांतील क जीवनसत्त्व त्याला मदत करते, तर जेवणानंतर लगेच घेतलेला चहा अडथळा आणतो. म्हणून कढई बदलली आणि चहाची वेळ बदलली नाही, तर अर्धा लाभ हातचा जातो. कढई हे औषधही नव्हे. रक्तक्षय असेल तर तपासणी आणि वैद्यकीय उपचारच हवेत. उलटपक्षी थॅलेसेमियासारख्या विकारात शरीरात लोह साचते. अशा रुग्णाच्या घरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोखंडी भांड्यातील स्वयंपाक सुरू करू नये.

गोदामातील पडून राहिलेला माल

भांड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी या विषयाला आणखी एक बाजू आहे. लोखंडी तवे आणि कढया यांना अलीकडे पुन्हा मागणी आहे, आणि जुन्या दुकानांच्या गोदामांत न खपलेला, गंज धरलेला असा माल अनेकदा पडून असतो. तो भंगाराच्या भावाने काढण्यापूर्वी त्यातील खणखणीत नग वेगळे करावेत. मात्र साफ केलेला माल नवा म्हणून विकू नये. जुना, गंज काढून तेल चढवलेला, असे सांगूनच विकावा. आणि जो माल आज येत आहे त्याच्यावर तेलाचा पातळ हात फिरवून, कागदात गुंडाळून, जमिनीपासून उंच फळीवर ठेवावा. गोदामातील हा पाच मिनिटांचा खर्च पुढील दोन दिवसांची टाकी वाचवतो.

घरांसाठी योग्य काळ दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीचा. अडगळीची खोली तेव्हा उघडतेच, पावसाची दमट हवा ओसरलेली असते आणि अंगणात ऊन असते. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी प्रत्येक लोखंडी भांडे दोरीला टांगून एकदा वाजवून पाहावे. बद्द वाजेल ते खुशाल तराजूत घालावे. खणखणीत वाजेल ते बाजूला काढावे, आणि त्याच आठवड्यात त्याच्यासाठी एक बादली भरावी.